व्रण आणि किळस

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात हौसेने गळ टाकणाऱ्यांचा लाडका मासा म्हणजे पट्टेरी बास. १९९७ साली या माशांत एक जुनाट रोग आढळून आला. अंगावर लालसर क्षते, खवले गळालेले, आत प्लीहेत गाठी. कारण मायकोबॅक्टेरिया, म्हणजे माणसाच्या क्षयाचे आणि कुष्ठाचे जंतू ज्या कुळातले, त्याच कुळातले. पुढील पाहण्यांत तेथील निम्म्याहून अधिक मासे बाधित निघाले. मात्र त्यांपैकी अनेकांच्या कातडीवर काहीच दिसत नव्हते.

व्रण असलेला मासा गळाला लागला की मनुष्य बहुधा तो परत पाण्यात सोडतो. या कृतीला काय म्हणावे? धडधाकट मासा सोडून देणाऱ्यास आपण दयाळू म्हणतो. येथेही कृती बाहेरून तीच. तिच्या मुळाशी मात्र किळस असते. माशाला हा भेद कळण्याचे कारण नाही, आणि केवळ परिणाम पाहणारा नीतिज्ञ येथेच ग्रंथ मिटून ठेवील. मला ते पुरेसे वाटत नाही. दया आणि किळस यांतील अंतर कृतीच्या क्षणी दिसत नाही, ते नंतर दिसते. त्या जिवाचे पुढे काय झाले, ही ओढ दयेला असते. हात धुतले की किळसेचे काम संपते. (हात धुवावेत हे खरेच. या जंतूंतील मायकोबॅक्टेरियम मरायनम ही जात हाताच्या जखमेतून शिरून महिनोन्महिने न हटणाऱ्या गाठी उठवते. किळस सर्वस्वी अविवेकी नसते.)

आणि व्रण कोणाचा? शेतांतून व सांडपाण्यातून वाहून आलेल्या पोषकद्रव्यांमुळे उपसागरात शेवाळ माजते, ते कुजताना तळाचा प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापलेले, खालचे गुदमरवणारे. मासा या दोहोंच्या मध्ये कोंडला जातो. हा ताण रोगाला हातभार लावतो, असा अभ्यासकांचा तर्क आहे. घरापुढच्या हिरवळीला खत घालणारा गृहस्थ आणि रविवारी गळ घेऊन बसणारा गृहस्थ एकच असू शकतो. शिवाय तापल्या पाण्यात खेळवून दमवलेला मासा सोडला तरी जगेलच असे नाही.

१९८५ ते १९९० या काळात मेरिलंड राज्याने या माशाच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली होती, आणि घटलेली संख्या पुढे भरून आली. तेव्हा प्रश्न संख्येचा होता. गळ गुंडाळून ठेवणे हे त्याचे उत्तर होऊ शकले. रोगाला तसे सरळ उत्तर नाही. मोकळ्या पाण्यातल्या माशाला औषध कोण देणार?

काही जण क्षत कोठे होते, केवढे होते, मासा कोणत्या खाडीत व कोणत्या दिवशी सापडला, हे टिपून मत्स्यखात्याला कळवतात. मासा हातात असताना त्यांनाही शिसारी आली असेल.