नसण्याचे ज्ञान

एखादी वस्तू आहे हे कळण्यासाठी ती दिसणे, तिचे अनुमान करता येणे किंवा तिच्याविषयी विश्वासू माणसाकडून समजणे पुरेसे असते. पण एखादी वस्तू नाही हे कशाने कळते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके लावून धरला, कारण 'नाही' म्हणताना इंद्रियांसमोर धरण्याजोगे काही नसते आणि तरीही ते विधान खरे किंवा खोटे ठरते. जमिनीवर घट नाही, हे या वादातले ठरलेले उदाहरण. न्याय-वैशेषिक परंपरेने अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि तो प्रत्यक्षानेही कळतो असे म्हटले. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट आणि पुढे अद्वैत वेदान्ती यांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे वेगळेच प्रमाण सांगितले. तर प्रभाकर या दुसऱ्या मीमांसकाच्या मते रिकामी जमीन दिसणे यापलीकडे अभाव म्हणून काही उरत नाही. या जुन्या वादाची एक नवी कसोटी वेब सर्व्हरच्या उत्तरांत सापडते, कारण तेथे 'नाही' म्हणायचे तर ते कोणत्या अर्थाने, हे लेखी नियमांनी ठरवावे लागले आहे.

वेब सर्व्हर हा मागणी आली की उत्तर धाडणारा प्रोग्रॅम होय. वाचकाच्या ब्राउझरकडून येणाऱ्या मागणीत काय करायचे, कोणत्या पत्त्यावरचे हवे आणि कोणत्या संकेतस्थळाचे हवे, एवढे लिहिलेले असते. सर्व्हरच्या उत्तरात आधी तीन अंकी संकेत असलेली एक ओळ, मग मजकुराचा प्रकार आणि लांबी यांसारखे तपशील देणारी शीर्षके, मग एक कोरी ओळ आणि शेवटी प्रत्यक्ष मजकूर असा क्रम असतो. ही पद्धत, म्हणजे एचटीटीपी, टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत आखली, तेव्हा १९९१ च्या तिच्या पहिल्या रूपात हा तीन अंकी संकेत नव्हता. मागितलेले पान नसेल, तर तसे सांगणारा मजकूरच पानासारखा धाडला जाई आणि सापडलेले पान कोणते व नकाराचे पान कोणते, हे मजकूर वाचल्याखेरीज ओळखता येत नसे. १९९६ मध्ये लेखी प्रसिद्ध झालेल्या १.० या आवृत्तीत संकेताची ओळ आली आणि नकाराला मजकुराहून वेगळे, स्वतःचे स्थान मिळाले. अभाव हा भावपदार्थांच्या वर्णनात दडवून चालत नाही, त्याची नोंद निराळी हवी, हा नैयायिकांचा आग्रह जणू व्यवहाराच्या गरजेपोटी मान्य झाला.

सर्व्हरला 'नाही' हे कळते कसे, हे साध्या फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरचे काम जवळून पाहिल्यावर समजते. आलेल्या पत्त्याचा मार्ग तो आपल्याला नेमून दिलेल्या एका मूळ फोल्डरला जोडतो आणि त्या जागची फाइल उघडून द्यावी असे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो. अशी फाइल नाही, असे तिच्याकडून कळले, तर सर्व्हर सामान्यतः ४०४ हा संकेत लिहितो. फाइल आहे पण वाचण्याची परवानगी नाही, असे कळले, तर ४०३. येथे न्यायशास्त्राने अभावाच्या ज्ञानाला लावलेल्या दोन्ही अटी पाळलेल्या दिसतात. ज्याचा अभाव सांगायचा ती वस्तू, म्हणजे प्रतियोगी, ठाऊक असली पाहिजे आणि ज्या ठिकाणी तो सांगायचा ते अधिकरणही निश्चित असले पाहिजे. ४०४ मध्ये पत्त्याचा मार्ग हा प्रतियोगी असतो आणि त्या संकेतस्थळाचा आवाका हे अधिकरण असते. हेच पान दुसऱ्या संकेतस्थळावर असू शकते, म्हणून ४०४ चा अर्थ 'जगात कोठेही नाही' असा कधीच होत नाही. १.१ या आवृत्तीच्या नियमानुसार मागणीत संकेतस्थळाचे नावच नसेल, तर सर्व्हरने ४००, म्हणजे मागणीच सदोष, असे उत्तर द्यायचे असते. ज्या प्रश्नाचे अधिकरणच ठरलेले नाही, त्याला 'नाही' हे उत्तरही देता येत नाही.

नैयायिकांनी अभावाचे जे प्रकार सांगितले, त्यांत उत्पत्तीपूर्वीचा तो प्रागभाव आणि नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव. ४०४ हा संकेत या दोहोंत निवड करत नाही. पान अजून लिहिले गेलेले नाही, की होते आणि काढून टाकले, की उद्या पुन्हा येईल, याविषयी तो काहीच सांगत नाही. पान काढून टाकले आहे आणि ते बहुधा कायमचे गेले आहे, हे सर्व्हरला ठाऊक असेल, तर त्याच्यासाठी ४१० हा निराळा संकेत आहे. मात्र हे जाणण्यासाठी नुसते शोधणे पुरत नाही, पूर्वी तेथे काय होते याची नोंद असावी लागते, कारण रिकामी जागा आपला इतिहास सांगत नाही; नाशाचे ज्ञान स्मृतीवाचून होत नाही, ही गोष्ट या एका संकेतामुळे उघड होते.

आतापर्यंत विचार सर्व्हरच्या बाजूने झाला. मागणाऱ्याने त्या फोल्डरमध्ये स्वतः काही शोधलेले नसते. त्याला झालेले अभावाचे ज्ञान अनुपलब्धीतून आलेले नसून शब्दप्रमाणातून, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून आलेले असते, आणि म्हणून सांगणारा आप्त आहे का, हा प्रश्न उभा राहतो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्त त्याला म्हटले, ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. सर्व्हर यांतल्या दुसऱ्या अटीला पूर्णपणे बांधलेला नाही, कारण एखादे पान अस्तित्वात आहे हेच उघड करायचे नसेल, तर ४०३ ऐवजी ४०४ सांगण्याची मुभा नियमच त्याला देतात. याउलट काही संकेतस्थळे 'पान सापडले नाही' असा मजकूर दाखवतात आणि संकेताच्या ओळीत मात्र २००, म्हणजे सर्व ठीक, असे लिहितात. माणूस मजकूर वाचून सावरतो, पण संकेतावर विसंबणारे शोधयंत्र अशा नसलेल्या पानाला असलेले समजण्याचा धोका राहतो. पहिल्या उदाहरणात असलेले लपते, दुसऱ्यात नसलेले असल्यासारखे भासते.

या सर्वांहून निराळी अवस्था आहे ती मौनाची. मागणी गेली, ठरलेला वेळ संपला आणि उत्तर आलेच नाही, तर पानाविषयी काहीही सिद्ध होत नाही. मधला सर्व्हर अशा वेळी ५०४ असे कळवतो, तेव्हा तो फक्त मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर आले नाही एवढेच सांगतो. ईश्वरविषयक वादात नेमका हाच भेद नैयायिक उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त पुढे केला. दिसत नाही म्हणून नाही, या चार्वाकाच्या युक्तिवादाला त्यांचे उत्तर असे की, न आढळण्याने अभाव सिद्ध होण्यासाठी ती वस्तू असती तर आढळलीच असती, एवढी तिची योग्यता असावी लागते. नुसते न दिसणे पुरेसे मानले, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती नाहीत असे समजून ऊर बडवून रडावे लागेल आणि तो घरी परतणारच नाही. ईश्वर इंद्रियांना गोचर होण्याजोगा मानलेलाच नसल्यामुळे त्याचे न दिसणे त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही.

हा युक्तिवाद भक्ताला दिलासा देणारा वाटला, तरी तो भक्ताच्या बाजूने मोजायचा नाही. प्रार्थनेला उत्तर न येणे हे जसे 'कोणी नाही' याचे प्रमाण नाही, तसेच 'कोणी ऐकत आहे' याचेही नाही. उदयनाचार्यांनाही याची जाणीव होती, म्हणूनच अभावाचा पुरावा मोडून काढल्यावर ते थांबले नाहीत आणि ईश्वर आहे हे दाखवण्यासाठी ग्रंथाच्या पाचव्या स्तबकात त्यांना स्वतंत्र अनुमाने द्यावी लागली. ती अनुमाने कोणाला पटतील, कोणाला पटणार नाहीत. पण नाही असे कळणे, सांगण्यास नकार मिळणे आणि काहीच न कळणे या तीन गोष्टी एकमेकींच्या जागी ठेवता येत नाहीत, एवढे मान्य केल्याखेरीज आस्तिकाचा किंवा नास्तिकाचा कोणताही युक्तिवाद सुरूच होऊ शकत नाही.