दगडफुलाचं ‘मी’पण

गोड्या मसाल्यातलं दगडफूल ही एक वनस्पती नव्हेच. त्यात बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर अन्न शिजवतं. वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७मध्ये हे मांडलं, तेव्हा अनेक जाणकारांनी ते धुडकावलं. एका देहात दोन जीव ही कल्पनाच पचेना. मावळातल्या बेडशाची बौद्ध लेणी मात्र त्याच्या सुमारे दोन हजार वर्षं आधीची, आणि तिथे राहणाऱ्या भिक्खूंचा धम्म सांगत होता की सुटा, स्वयंपूर्ण ‘मी’ कुठेच नसतो, जे आहे ते परस्परांवर टेकून आहे. दगडफूलही असंच हवेवर टेकून आहे: त्याला मूळ नाही, पानांवर असते तशी मेणाची साय नाही. पाणी आणि क्षार ते बहुतांशी हवेतूनच घेतं, त्यामुळे धूर आणि गंधकाचा वायूही आत शिरतो. मावळात रस्ते, बंगले वाढले, जुनी झाडं तुटली, की सावली आणि ओल जाते. नाजूक जाती आधी संपतात.

कुणी म्हणेल, सारं अनित्यच आहे, मग एका पापुद्र्याचा शोक कशाला? पण अनित्यता म्हणजे तोडण्याचा परवाना नव्हे. बुद्धाने कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिलं. पान गळणं आणि कुऱ्हाड चालवणं एक नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शहरातही भिंतींवर दगडफूल दिसतंच. दिसतं, पण धूळ-धूर सोसणाऱ्या मोजक्या जातींचं. हिरवट-राखाडी डाग उरतो, आंब्याच्या खोडाच्या खरबरीत सालीवरची झालर उरत नाही.