तीन बोटं पाणी

मी सहसा खोटं बोलत नाही, असं माझं स्वतःबद्दल गेली पस्तीस-चाळीस वर्षं मत होतं. आता ऑफिसात असताना रजेच्या अर्जावर एकाच आत्याला मी तीनदा अत्यवस्थ केलं होतं हे खरं; पण ते खोटं नव्हे, ती अर्जाची शैली. या मताला तडा गेला तो घरातल्या माशांच्या टाकीमुळे. टाकीला स्वतःला तडा नव्हता. तिचा फक्त एक सांधा सुटला होता.

टाकी चिरंजीवांची. "बाबा, मासे मीच सांभाळीन," अशी शपथ त्यांनी सातवीत घेतली आणि पुढे नोकरीसाठी बेंगळुरूला गेले. मासे गेले नाहीत. गप्पी जातीच्या माशांना कुटुंबनियोजन ठाऊक नसल्यामुळे मूळच्या जोडप्यांची खापरपणतवंडं आता माझ्या गळ्यात आहेत. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. भरली की सत्तर लिटर पाणी, म्हणजे सत्तर किलो वजन, वर काच आणि वाळू वेगळी. दर रविवारी तिच्यात अर्धी-पाऊण बादली पाणी घालावं लागे. "वाळतं हो," असं मी सांगत असे. "थंडीतसुद्धा?" असं सौ.ने एकदा विचारलं. बायकांना विज्ञान कळत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायचं धाडस अजून झालेलं नाही.

आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर नाना राहतात. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हात अजून स्थिर, जीभ त्याहून स्थिर. गेल्या दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या दिवाणखान्याच्या छतावर ओल उमटली. आधी ती श्रीलंकेएवढी होती, मग तिने ऑस्ट्रेलियाचा आकार धरला. नाना वर आले, "तुमच्याकडे काही गळतंय का हो?" म्हणाले. मी न्हाणीघर दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं. टाकीसमोरून तर आम्ही दोनदा गेलो. नानांनी मासे बघून "छान आहेत" असंही म्हटलं. मी सोसायटीचा चिटणीस. नोव्हेंबरच्या बैठकीत मी सगळ्यांना पटवलं की दोष बाहेरच्या भिंतीच्या भेगेचा आहे, आणि माझ्या वळणदार अक्षरात तसं इतिवृत्ताच्या वहीत लिहिलंही. जानेवारीत नानांनी पदरचे साडेअकरा हजार रुपये घालून ती भेग बुजवून घेतली. ओल काही हटली नाही. "आतली ओल वाळायला तीन महिने लागतात, काका," असं ठेकेदार म्हणाला आणि पैसे मोजून गेला.

इथपर्यंत मी निर्दोष होतो, असं माझं म्हणणं आहे. म्हणजे जितपत अज्ञानी माणूस निर्दोष असतो तितपत.

मार्चमध्ये मात्र सौ.च्या त्या प्रश्नाने मला छळलं. मी टाकीशेजारी एक पाण्याची बादली ठेवली, दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण केली आणि आठ दिवस वाट पाहिली. हवा एकच, खोली एकच. वाळायचं तर दोन्हींतलं सारखंच वाळणार. आठवड्याने बादलीतलं पाणी एक बोट उतरलं होतं. टाकीतलं चार बोटं. तीन बोटांचा हिशेब केला तर दहा लिटर निघाले. टाकी भिंतीपासून ओढून पाहिली तेव्हा मागच्या सांध्यातून एक बारीकशी धार स्टँडच्या पायावरून उतरून फरशीच्या फटीत निमूटपणे नाहीशी होत होती. फटीच्या खाली ऑस्ट्रेलिया.

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि त्या एका अर्धसत्यानंतर तो खाली टेकला, अशी कथा आहे. माझं काम तीन बोटांत झालं.

आता करायचं काय? खाली जाऊन सांगायचं, हे कुठल्याही शाळकरी पोराने सांगितलं असतं. पण मी शाळकरी पोर नाही, चिटणीस आहे. मी असा विचार केला, की आधी गळती थांबवू. गळती थांबली की ओल जाईल. ओल गेली की प्रश्न मिटला. मिटलेल्या प्रश्नाचं उत्तर कशाला द्यायचं? चूक गुपचूप निस्तरली तर ती फिटली असं का समजू नये? हा युक्तिवाद मला इतका आवडला, की मी त्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने न्हाणीघरासाठी असतं ते सिलिकोन पुढे केलं. त्यात बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं असतं आणि ते पाण्यात उतरून माशांना मारतं. चिरंजीवांनी फोनवर बजावलं होतं म्हणून वाचलो. नुसतं शुद्ध सिलिकोन घ्यायचं. १९६०च्या दशकात हा पदार्थ टाक्यांना वापरात आला आणि मग निव्वळ काचेच्या टाक्या शक्य झाल्या. त्याआधी लोखंडी चौकट असायची आणि तिच्यात लांबी भरून काचा बसवायच्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. तेव्हा तिथल्या सायबांच्या खाली कोण राहत होतं, याची नोंद मला कुठे मिळाली नाही.

मासे त्यांच्याच जुन्या पाण्यासकट प्लास्टिकच्या टबात घातले. फिल्टरचा स्पंजही ओलाच ठेवला, कारण माशांची घाण पचवणारे जंतू त्यात राहतात. हवेचा पंप लावून टब न्हाणीघरात ठेवला. पुढचे दहा दिवस मी पन्नास-साठ डोळ्यांदेखत अंघोळ केली.

मी सुटलेल्या जागेवर नव्या सिलिकोनचा एक पट्टा ओढून मोकळा होणार होतो. चिरंजीव फोनवर ओरडले, "बाबा, जुन्यावर नवं चिकटत नाही! सगळं खरवडून काढा." हा त्या पदार्थाचा स्वभावच आहे. एकदा वाळलं की ते कशालाच धरून घेत नाही, अगदी स्वतःच्या जातभाईलाही नाही. वरून सांधा घट्ट दिसेल आणि पाणी मधूनच वाट काढील. एकच सांधा खरवडून भागत नाही, कारण नवा पट्टा कोपऱ्यात शेजारच्या जुन्याला भेटणारच. तळाचे चार आणि उभे चार, असे आतले आठही सांधे ब्लेडने काचेपर्यंत साफ करायचे, मग स्पिरिटने पुसायचे.

दोन सांध्यांत माझं बोट कापलं. तेवढ्यात ब्लेडचा आवाज ऐकून नाना वर आले. "द्या इकडे," म्हणाले. उरलेले सहा त्यांनी खरवडले. दुसऱ्या दिवशी येऊन कागदी चिकटपट्ट्या लावल्या, गन हातात घेतली आणि एकेक पट्टा एका दमात ओढला. "मधे थांबायचं नाही. थांबलं की तिथेच गळतं." लगेच ओल्या बोटाने तो दाबला आणि साय धरायच्या आत चिकटपट्ट्या सोडवल्या. घरभर व्हिनेगरचा वास. सौ. बाहेरून आली आणि "चायनीज कुणी मागवलं?" म्हणाली.

हात पुसता पुसता नानांनी विचारलं, "ही गळत होती म्हणता, मग पाणी जायचं कुठे हो?"

"पुसून घ्यायचो," मी म्हणालो.

आत्तापर्यंत अज्ञान होतं. हे पहिलं निखळ खोटं. आणि तेही ज्याचं छत भिजवलं त्यानेच माझी टाकी सांधत असताना. खुनी दारात येऊन मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटं बोलू नये, असं कांटने १७९७ साली लिहून ठेवलंय. माझ्या दारात तर खुनीही नव्हता. चहाला थांबलेले नाना होते.

आठवडाभर सिलिकोन वाळू दिलं, दोन दिवस नुसतं पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरलं. कागद कोरडा. मासे परत गेले. मेअखेर नानांचा ऑस्ट्रेलिया आक्रसून नाहीसा झाला. त्यांना इतका आनंद झाला, की ते पेढे घेऊन वर आले. "तीन महिने म्हणाला होता ठेकेदार, थोडे जास्त लागले. पण माणूस शब्दाचा पक्का!"

मी पेढा खाल्ला. विचार केला, की हा आनंद कशाला हिरावून घ्या? ओल गेली, माणूस सुखी आहे. सत्य सांगून मिळणार काय, तर साडेअकरा हजारांचं दुःख.

मग नाना म्हणाले, "नाशकात आमच्या मेहुण्याच्या घरी अशीच ओल आहे. याच ठेकेदाराला पाठवतोय. सोळा हजार सांगितलेत."

पेढा घशातच राहिला. माझं मौन माझ्या दिवाणखान्यात बसून राहील अशी माझी समजूत होती. ते नाशिकची गाडी पकडायच्या बेतात होतं. मी इतके दिवस सुटलेल्या सांध्यावर नुसता वरून पट्टा ओढत होतो.

संध्याकाळी खाली गेलो आणि बादलीपासून सगळं सांगितलं. नाना बराच वेळ छताकडे बघत राहिले.

"म्हणजे भिंत गळत नव्हती."

"नव्हती."

"आणि परवा मी विचारलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

त्यांनी आधी नाशिकला फोन करून ठेकेदार थांबवला. मी पाकीट पुढे केलं, त्यात साडेअकरा हजार होते. त्यांनी ते उघडलं नाही. "पैशाचं नंतर बघू. आधी ती वही आणा."

वही आणली. नोव्हेंबरची नोंद खोडता येत नाही. नवी लिहावी लागते, आणि पुढच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर वाचावीही लागते. मी लिहिलं की सदर ओल बाहेरच्या भिंतीची नसून चिटणिसांच्या माशांच्या टाकीची होती, आणि ही गोष्ट त्यांना मार्चपासून ठाऊक होती. खाली सही केली. अक्षर नेहमीइतकं वळणदार आलं नाही.

नानांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग बोट ठेवून म्हणाले, "दर आठवड्याला दहा लिटर, तेही घाला."