घोटाची परीक्षा

पाश्चात्त्य शहरांत वस्तीतल्या मद्याच्या दुकानात एखाद्या संध्याकाळी चव-परीक्षा भरते. पेला तिरका धरून रंग पाहायचा, हलकेच फिरवून गंध घ्यायचा, घोटभर वाईन जिभेवर घोळवायची आणि हवी तर भांड्यात थुंकून टाकायची. बिअर मात्र बहुधा गिळतात. तिचा कडवटपणा घशाखाली उतरल्यावरच पुरता कळतो, असे जाणकार मानतात. दुकानदाराचा हेतू विक्रीचा असतो. तरीही रसिकतेला घोट पुरतो, बाटली लागत नाही, हा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

पण चव कळली म्हणजे सारे कळले काय? काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला व उत्तम म्हणून वाखाणला. परंतु तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते सहा दगडी रांजण पाण्याने भरणाऱ्या सेवकांना. आपल्या घरांतही असेच घडते. पेल्याची चव पिणाऱ्याला कळते. त्याची किंमत मात्र पाणी भरणारी, मुलांच्या फीचे पैसे जुळवणारी गृहिणी जाणते. पेला उचलण्यापूर्वी तिच्या नजरेला नजर देता येते काय, एवढे आपण स्वतःला विचारले तरी संयमाची परीक्षा झाली, असे आम्ही समजतो.