अपरिमेय चिंता आणि मोजकी दिनचर्या

गेल्या कार्तिकात काही दिवस भिलाईस राहण्याचा योग आला. सिविक सेंटरमध्ये सायंकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींपैकी एक मराठी माउली एके दिवशी बाकावर शेजारी येऊन बसल्या. यजमान पोलाद कारखान्यात. त्यांची रात्रपाळी असली म्हणजे बाईंना झोप नाही. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, घड्याळाकडे पाहता पाहता पहाट होते. त्या म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, जो तो सांगतो, काळजी करू नका. पण काळजी सोडली म्हणजे माया आटली, असे नाही का होणार?”

प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. गीतेचे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्यात माझी कित्येक वर्षे गेली. परंतु अर्जुनाचा विषाद हा मायेतूनच निघाला आहे, ही गोष्ट त्या बाकावर जितकी स्पष्ट झाली तितकी पोथीपुढे बसून झाली नव्हती. पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःची जी अवस्था सांगतो, ती पाहावी. गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कापरे भरते, त्वचा पोळते, धनुष्य हातातून निसटते, मन भ्रमते. पलंगावर तळमळणाऱ्या त्या माउलीची अवस्था याहून निराळी नव्हती. आणि भगवंतांच्या उपदेशाचा प्रारंभ दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात ज्या ‘शुच्’ धातूने होतो, त्याच धातूने अठराव्या अध्यायाच्या सहासष्टाव्या श्लोकात ते अभय देतात. शोकाने ग्रासलेल्या प्रेमळ मनुष्यासाठीच एवढा संवाद झाला.

आता ‘चिंता’ हा शब्द घ्या. सोळाव्या अध्यायात भगवंतांनी तिला ‘अपरिमेय’ म्हटले आहे. म्हणजे जिचे माप घेता येत नाही ती. तेथे वर्णन भोगासक्तांचे आहे, संसारी माउलींचे नव्हे, हे विसरू नये. तथापि ते विशेषण कोणत्याही चिंतेस लागू पडते. उलट नवव्या अध्यायात, ज्यांचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतात, त्या भक्तांविषयी बोलताना ‘चिन्त्’ हाच धातू योजला आहे. धातू एक, विषय निराळा. मनाला विचार करू नकोस म्हणणे व्यर्थ आहे; त्याला विषय द्यावा लागतो आणि माप द्यावे लागते.

हे माप सहाव्या अध्यायात सापडते. आहार आणि विहार ‘युक्त’ असावेत, येथे ‘युक्त’ म्हणजे ज्याचे परिमाण नियत आहे ते, असे श्रीमत् शंकराचार्य भाष्यात सांगतात. आणि ‘विहार’ म्हणजे पावले टाकणे, चालणे, असा अगदी साधा अर्थ देतात. चिंता अपरिमेय, तर तिच्यावरील उपाय परिमित! १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली; त्यांतही सहाव्या अध्यायावर बोलताना एकाग्रतेबरोबर जीवनाच्या परिमिततेवर त्यांनी भर दिला आहे. ऐकणारे घरादारापासून तुटलेले कैदी होते. काळजीला तेथे काय तोटा असणार?

भिलाईच्या लोकांना हे समजावण्यास दृष्टांत शोधावा लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जिचे उद्घाटन झाले, त्या पहिल्या झोतभट्टीपासून तेथे हाच क्रम चालू आहे. पेटलेली भट्टी रात्र झाली म्हणून विझवीत नाहीत. वरून खनिज, कोक व चुनखडी मापाने घालतात आणि खालून वितळलेला रस व मळी ठरल्या वेळी बाहेर काढतात. मनाचेही असेच आहे.

म्हणून त्या माउलींना दुसऱ्या दिवशी मी एवढेच सुचविले. दिवे लागणीनंतर पाव घटका काळजीसाठीच राखून ठेवावी. एका कागदावर मनातील सारे भय लिहून काढावे. त्यांपैकी ज्यावर आपला अधिकार चालतो, त्याच्यापुढे उद्या करावयाचे काम लिहावे. उरलेले देवापुढे ठेवून कागदाची घडी करावी. रात्री तीच गोष्ट पुन्हा आठवली तर मनाला सांगावे, तुझी वेळ उद्या दिवे लागणीला. मन ऐकणार नाही. ते जेथे जेथे पळेल तेथून परत आणावे, असे भगवंतांनीच सांगितले आहे. ते पळणारच, हे त्यांनी गृहीत धरले आहे.

याखेरीज सायंकाळचे चालणे आहेच. तिन्हीसांजेनंतर चहा घेऊ नये. झोप उडविण्यात त्याचा हात मोठा असतो. अंथरुणावर पडल्यावर नाम श्वासाशी जोडावे. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहूनही सावकाश सोडावा. अशा दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, हे आजचे शरीरशास्त्रही मानते. आणि हातातला फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, हे सांगताना मला थोडा संकोच वाटला, कारण माझा फोन त्या वेळी हातातच होता.

इतके करूनही आठवड्यामागून आठवडे झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात श्रद्धेला उणेपणा नाही. शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. ज्वर आला असता आपण नुसते नामस्मरण करून थांबत नाही.

राहिला मायेचा प्रश्न. आपली मराठी त्याचे उत्तर देऊनच बसली आहे. काळजी ‘करणे’ निराळे, काळजी ‘घेणे’ निराळे. रात्रभर केलेल्या काळजीने कारखान्यातल्या मनुष्याचे काही रक्षण होत नाही. सकाळी थकून आलेल्या त्याच मनुष्यासाठी मऊ भात करणे, खिडकीचा पडदा ओढून घेणे, दुपारी मुलांना हळू बोलावयास लावणे, हे घेतलेल्या काळजीचे रूप होय. हे करावयास गृहिणी स्वतः झोपलेली असावी लागते.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी बाई पुन्हा भेटल्या. झोप पुरती लागत नाही म्हणाल्या. दोन वाजता जाग येतेच. मात्र कागदावर आता तीनच ओळी उरतात, आणि त्यांतली एक चुलीवरच्या दुधाची असते.