गवसणी काढल्यावर

नाशकात पाऊस धरला की तंबोऱ्याचा सूर रोज थोडा हललेला असतो. गवसणी काढून तो लावायला दहा-पंधरा मिनिटं जातात. तासाच्या शिकवणीत एवढा वेळ पालकांना खटकतो. परीक्षा जवळ, राग अजून बाकी! मग मोबाइलवरचा तंबोरा सुरू होतो, पट्टी निवडली की झालं. वेळ वाचला असं सगळ्यांना वाटतं. मला वाटतं, धडाच बुडाला.

जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिसळल्या की नाही, हे कानालाच ठरवावं लागतं. आधी खुंटी पिळायची, मग मणी तसूभर सरकवायचा, शेवटी घोडीवर तारेखालचा दोरा, म्हणजे जीव, हलवत जवारी खुलवायची. मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमावर उतरवायची, मारव्यासाठी निषादावर चढवायची. या रागांत पंचम नाही, हे वहीत लिहिण्याआधी बोटांना कळतं.

तासाच्या या शिकवणीची मुळं जुनी आहेत. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे १९२२ मध्ये नाशिकला रामनाम आधाराश्रम. गुरूच्या घरातली विद्या त्यांनी वर्गात, अभ्यासक्रमात आणली, म्हणून तर ती आपल्यासारख्यांच्या घरी पोचली. वर्गाबरोबर घड्याळही आलं, त्याला इलाज नव्हता. पण मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी वाद्यं बनवण्या-दुरुस्तीचा कारखानाही चालवला होता. आपण परीक्षा तेवढ्या उचलल्या.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी त्याचा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा शेवटी भोपळाच. धक्का लागला की टिचतो. तंबोरा ओल्या भिंतीला टेकवू नये, बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा जरा उतरवाव्यात. तबल्याच्या शाईला ओला हात नको. पेटीचा भाता उघडा टाकून उठू नये. (हे शेवटचं मोठ्यांनाच जास्त सांगावं लागतं.)

घरी तंबोरा नसेल तर क्लासला थोडं आधी जावं आणि सर किंवा ताई तो लावत असताना नुसतं शेजारी बसावं. सहसा कुणी नको म्हणत नाही. खुंटी मात्र लगेच हातात मिळत नाही, कारण तुटलेली तार त्यांनाच बदलावी लागते.