फुरसतीचे मानकरी

ज्या ऑनलाइन खेळांत हजारो माणसे एकाच काल्पनिक राज्यात आपापले पात्र घेऊन एकाच वेळी वावरतात, त्या खेळांच्या जगात 'कॅज्युअल' आणि 'हार्डकोअर' हे दोन पंथ इतके रूढ झाले आहेत की, ते मनुष्यस्वभावाचेच दोन सनातन प्रकार असावेत असे तेथील बहुतेक रहिवाशांना वाटते. सवड मिळेल तेव्हा चार घटका करमणूक म्हणून खेळणारा तो कॅज्युअल, आणि झोपेच्या व घरच्या मंडळींच्या वाट्याचे तास कापून त्या राज्यात पराक्रम गाजवणारा तो हार्डकोअर. परंतु या भेदाची कुळकथा तपासू लागले म्हणजे असे दिसते की, तो स्वभावातून जितका उपजला त्याहून अधिक वर्गणीच्या जमाखर्चातून उपजला, आणि त्या जमाखर्चाचा काच सैल झाल्यावरही केवळ मानापमानाच्या बळावर टिकून राहिला.

1978 मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अशा खेळांचा पूर्वज ठरलेला 'मड' नावाचा खेळ लिहावयास घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्र नव्हते. पडद्यावर स्थळाचे वर्णन उमटे आणि खेळणारा शब्दांनीच हुकूम सोडी. लढाईत पात्र मारले गेले तर त्याची नोंद दप्तरातून कायमची पुसली जाई. बाहेरच्या लोकांना प्रवेश मिळे तो विद्यापीठाच्या यंत्राला दुसरे काम नसे अशा अपरात्री, तेव्हा तेथे येणारा प्रत्येकजण आजच्या भाषेत हार्डकोअरच म्हणावयाचा. पण तसे म्हणण्याची गरज कोणाला पडली नाही. पुढे असे खेळ व्यापारी तारसेवांवर आले तेव्हा आकारणी ताशी होती, त्यामुळे जो अधिक खेळे तो अधिक पैसे भरी. अशा व्यवहारात मालकाला वेडाची तक्रार नसते आणि सवडीने येणाऱ्याला फसवले गेल्याची भावना नसते. बार्टलने 1996 मध्ये खेळाडूंचे जे प्रसिद्ध वर्गीकरण मांडले, त्यात साध्य मिळवणारे, भटकून शोध घेणारे, गप्पागोष्टींत रमणारे आणि दुसऱ्याला छळण्यात आनंद मानणारे असे चार वर्ग आहेत. किती वेळ खेळतो हा निकष त्यात मुळीच नाही.

तो निकष आला ठराविक मासिक वर्गणीबरोबर. 1996 चा 'मेरिडियन 59' आणि 1997 चा 'अल्टिमा ऑनलाइन' यांनी ताशी आकार सोडून महिन्याची ठराविक रक्कम घेण्याची पद्धत रूढ केली. तालमीत एकाने पहाटे तीन तास मेहनत करावी, दुसऱ्याने संध्याकाळी दहा जोर मारून घरी जावे आणि दोघांनी चंदा मात्र सारखाच भरावा, तसा हा प्रकार झाला. दिवसाला आठ तास खेळणारा आणि आठवड्याला चार तास खेळणारा हे दोघे जमेच्या बाजूला सारखे आणि खर्चाच्या बाजूला अगदी भिन्न, हे कारभाऱ्यांच्या ध्यानात येताच खेळाडूंचे दोन वर्ग प्रथम त्यांच्या हिशेबात पडले. खेळाडूंच्या तोंडी ते शब्द बसले ते त्यानंतर.

1999 मध्ये निघालेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने या दोन वर्गांत खरे भांडण लावले, आणि ते भांडण सकारण होते हे मान्य केले पाहिजे. त्या राज्यातील मोठे राक्षस व अजगर सर्वांना मिळून एकच असत. एकदा मारले की पुन्हा प्रकट होण्यास कित्येक दिवस लागत. ज्या टोळीची, म्हणजे तेथील भाषेत गिल्डची, माणसे मध्यरात्री बोलावताच हजर होत, तिचा त्या अजगरावर जवळजवळ इजारा बसे आणि बाकीच्या रयतेच्या वाट्याला रिकामी गुहा येई. मृत्यूची शिक्षाही कडक होती. कमावलेला अनुभव घटे, आणि चिलखत-शस्त्रे प्रेताजवळच पडून राहिल्यामुळे ती आणावयास उघड्या अंगाने त्याच संकटात परतावे लागे. लुटीच्या वाटपासाठी गिल्डांनी हजेरीवर गुण देण्याची पद्धत काढली आणि तिला 'ड्रॅगन किल पॉइंट्स' असे भारदस्त नाव दिले. करमणुकीच्या जागी हजेरीपट आला तो असा. या व्यवस्थेची परमावधी 2003 च्या नोव्हेंबरात दिसली. केराफिर्म नावाचा एक अजगर प्रत्येक सर्व्हरवर, म्हणजे त्या राज्याच्या प्रत्येक स्वतंत्र प्रतीत, एकदाच जागा व्हावयाचा आणि तो कोणाच्या हातून मरू नये अशीच योजना होती. तरी एका सर्व्हरवरील तीन गिल्डांच्या दोनशेच्या आसपास खेळाडूंनी, पुनःपुन्हा मरून व पुन्हा जिवंत होऊन, तासन् तास झुंज देत त्याला मरणाच्या वाटेवर आणले. त्या क्षणी कंपनीच्या कारभाऱ्यांनी तो अदृश्य केला. ओरड झाली, दुसरी संधी द्यावी लागली आणि अजगर मेला. या पराक्रमाला केवळ रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. परस्परांस कधी न भेटलेल्या शेकडो माणसांनी इतका संयम दाखवावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

2004 च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्याने भांडणाचे मूळ कारणच काढून टाकले. प्रत्येक गटाला गुहेची स्वतंत्र प्रत मिळू लागली; एकाने अजगर मारल्याने दुसऱ्याचा अजगर कमी होईना. या खेळाची घडण चालू असताना घडलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. फार वेळ खेळणाऱ्याला थकवा येऊन त्याची अनुभवाची कमाई निम्म्यावर यावी, असा नियम प्रथम केला होता आणि परीक्षक-खेळाडूंना तो अजिबात रुचला नाही. तेव्हा निम्म्या कमाईलाच साधी कमाई म्हटले आणि जो विश्रांती घेऊन येईल त्याला दुप्पट इनाम ठेवले. गणित होते तसेच राहिले, आणि शिक्षेची सवलत झाल्याबरोबर तक्रार थांबली.

आता वाटून घेण्याजोगे दुर्मिळ असे काही उरले नव्हते, तेव्हा वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, उलट अधिक कडवट झाला. कारण भांडण मालमत्तेवरून उठून मानावर गेले होते. 2006 मध्ये उघडलेला नॅक्सरामस हा चाळीस जणांचा किल्ला इतक्या थोड्यांनी आतून पाहिला की, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कंपनीने 2008 मध्ये तोच किल्ला दहा व पंचवीस जणांसाठी सोपा करून पुन्हा मांडला. 2011 च्या अखेरीस तर अनोळखी पंचवीस माणसे यंत्रानेच एकत्र जमवून त्यांना शेवटच्या शत्रूपर्यंत नेण्याची सोय झाली. प्रत्येक सवलतीबरोबर जुन्या वीरांनी आपली सनद रद्द झाल्याचा आक्रोश केला. त्यांच्या पेटीतले काहीच कोणी नेले नव्हते. फक्त ते आता शेजाऱ्याच्याही पेटीत आले होते.

सवलतींनी खेळ बुडाला, ही या पक्षाची नेहमीची कैफियत. 2010 मध्ये वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर पोचले होते आणि 2015 पर्यंत ते निम्म्याहूनही खाली आले, हे खरे. परंतु पहिली घसरण नोंदली गेली ती 2011 च्या आरंभी, म्हणजे 2010 च्या डिसेंबरात निघालेल्या नव्या विस्ताराने गुहा मुद्दाम कठीण केल्यानंतर लगेच. एका आकड्यावरून उलट सिद्धांत काढण्याचा मोह मी टाळतो. मात्र ज्यांनी सुलट सिद्धांत काढला त्यांनीही तो टाळावयास हवा होता.

अवघडपणा कशात होता याची परीक्षा 2019 मध्ये अनायासे झाली. जुन्यांच्या आग्रहास्तव कंपनीने खेळाची आरंभीची आवृत्ती त्या वर्षी 27 ऑगस्टला पुन्हा खुली केली. पूर्वी रॅग्नारोस हा अग्निदैत्य पहिल्यांदा पडावयास सुमारे पाच महिने लागले होते. या खेपेस तो आठवड्याच्या आतच पडला, आणि मारणाऱ्यांतील काहीजण तर पात्रतेच्या शेवटच्या पायरीलाही पोचलेले नव्हते. या वेळी पात्रे काहीशी अधिक बलवान होती, ही वजावट करावयास हवी. ती केल्यावरही उरते ते असे की, त्या काळचा पराक्रम बव्हंशी अज्ञानाशी आणि चाळीस माणसे एका वेळी जमवण्याच्या यातायातीशी दिलेला लढा होता. तलवारीचा हात त्यामानाने साधाच होता. वेळ हेच कौशल्याचे माप मानले गेले, कारण तेवढेच मोजता येत होते. निक यी या संशोधकाच्या पाहण्यांत अशा खेळांतील सर्वसाधारण माणूसच आठवड्याला वीस तासांहून अधिक खेळताना आढळला होता. म्हणजे ज्याला कॅज्युअल म्हणून हिणवले जाई, त्याच्या घरच्यांचे मत वेगळे असणार!

अलीकडे मात्र हार्डकोअर या शब्दाने वेगळी वाट धरली आहे. काही खेळाडूंनी त्याच जुन्या आवृत्तीत स्वेच्छेने व्रत घेतले की, पात्र एकदा मेले की ते सोडून द्यावयाचे. 2023 च्या ऑगस्टात कंपनीने अशा एकजन्मी पात्रांसाठी अधिकृत सर्व्हरच उघडले. 'डायाब्लो 2' या खेळात 2000 सालापासून हार्डकोअरचा अर्थ हाच होता. एकजन्मी पात्रांच्या राज्यात तासांचा अहंकार फारसा चालत नाही. घाईत एका गुहेत शिरलेला आठ तासांचा गडी क्षणात संपतो, आणि रोज जेवणानंतर तासभर बसून, प्रत्येक वळणावर मागे पाहत, महिनोन् महिने एकच पात्र जपणारा गृहस्थ त्याच्याहून पुढे निघून जातो. त्याला कॅज्युअल म्हणावे तर त्याने पत्करलेली जोखीम आड येते आणि हार्डकोअर म्हणावे तर त्याचे घड्याळ आड येते.

माझ्या मते या गृहस्थाने जुनी विभागणी मोडीत काढली आहे. कंपन्यांनी आपल्या हिशेबासाठी ती खुशाल ठेवावी. खेळणाऱ्यांनी ती एकमेकांच्या तोंडावर फेकण्यास आता काही आधार उरलेला नाही.